मागच्याला पुढं आणणारी पेटी

बालमित्रांनो,

मागच्या आठवड्यात पुष्कळ जणांनी पत्रांतून एकच प्रश्न विचारला आहे. ‘बाई, आम्ही शाळेच्या बाजारात चित्रं विकायला ठेवली, पण कुणी घेतलीच नाहीत. आमची चित्रं वाईट होती का?’

नाही रे बाळांनो, तसं लगेच म्हणू नका. आधी मला एक सांगा. तुमची चित्रं ठेवली कशी होती? टेबलावर एकावर एक गठ्ठा करून ना? मग आज मी तुम्हांला माझीच एक चूक सांगते. त्या चुकीतून आमच्या वर्गानं एक पेटी बनवली. तीही आज शिकवते.

आमची शाळा रत्नागिरी जिल्ह्यातली. दर जानेवारीत शाळेत बालआनंद मेळावा असतो. मुलं भाजी, भेळ, सरबत, कागदी फुलं विकतात. दोन वर्षांपूर्वी माझ्या तिसरीच्या वर्गानं ठरवलं, आपण ठशांची चित्रं विकायची. वर्गात १६ मुलं. प्रत्येकानं पुठ्ठ्याचा एक ठसा केला आणि त्याच्या तीन-तीन प्रती काढल्या. म्हणजे एकूण चित्रं किती? बरोबर, ४८.

पुठ्ठ्याचा ठसा सोपा असतो. जाड पुठ्ठ्यातून आकार कापायचे आणि दुसऱ्या पुठ्ठ्यावर चिकटवायचे. वरून फेविकॉलचा पातळ हात देऊन वाळवायचं. मग रोलरनं शाई लावायची, वर कागद ठेवायचा आणि चमच्याच्या पाठीनं गोल गोल घासायचं. कागद हळूच उचलला की चित्र तयार! उलटं उमटतं, हे मात्र लक्षात ठेवा. आमच्या एका बहाद्दरानं ‘माझं घर’ असं लिहून ठसा केला. छापून झाल्यावर ते वाचायला आरसा आणावा लागला.

वर्गात एक मुलगी आहे. नाव नाही सांगत, तिला आवडणार नाही. बोलते अगदी कमी. तिनं त्यांच्या गोठ्यातली म्हैस केली होती. सगळा कागद भरून काळी म्हैस, आणि त्यात एकच पांढरा डोळा.

मेळाव्याच्या दिवशी सकाळी टेबल मी मांडलं. ४८ चित्रांचा गठ्ठा ठेवला. छान रंगीत होती ती वर ठेवली, म्हणजे लोक थांबतील असा माझा हिशेब. काळी म्हैस गेली तळाशी. दुपारपर्यंत वरची पंधरा चित्रं खपली. पुढं गर्दी वाढली. लोक गठ्ठ्याचा कोपरा उचलून बघायचे आणि सोडून द्यायचे. सरबताचे हात, वडापावचे हात! संध्याकाळी उरलेली चित्रं मुलांना परत दिली. तिच्या तीनही म्हशी तिच्याकडे परत आल्या. एकीचा कोपरा दुमडला होता.

ती माझ्याजवळ आली. चित्रं विकली गेली नाहीत म्हणून रडली वगैरे नाही. तिनं एवढंच विचारलं, ‘‘बाई, माझी म्हैस कुणी बघितली तरी का?’’

मुलांनो, माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारण कुणीच बघितली नव्हती. आणि ती तळाशी मीच ठेवली होती.

त्याच वर्षी मे महिन्यात मी पुण्याला भावाकडे गेले होते. तिथं जुन्या रेकॉर्डींचं एक दुकान दिसलं. रेकॉर्ड म्हणजे काळी तबकडी, तुमच्या आजी-आजोबांना विचारा, ते सांगतील. मोठ्या रेकॉर्डचं पाकीट साधारण ३१ सेंमी लांब-रुंद असतं. दुकानात ती पाकिटं उघड्या पेट्यांत उभी ठेवली होती. गिऱ्हाईक पेटीसमोर उभं राहतं आणि पुस्तकाची पानं उलटावीत तसं एकेक पाकीट पुढं पाडत जातं. एकही पाकीट न उचलता सगळी बघून होतात! मी तिथंच म्हटलं, अरे, आपल्या चित्रांना हीच पेटी हवी.

शाळा सुरू झाली. मुलं आता चौथीत आली होती. त्यांना मी पेटीचं सांगितलं. पण पेटीच्या आधी एक काम होतं. नुसता कागद पेटीत उभा राहत नाही, वाकतो आणि घसरतो. त्याला माउंट हवा.

माउंट म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची खिडकी. फ्रेमच्या दुकानात तुम्ही पाहिली असेल. आमची मापं सांगते, वहीत लिहून घ्या. चित्राचा कागद १८ बाय २४ सेंमी. त्यावर छापलेला भाग १४ बाय २०. माउंटची खिडकी १५ बाय २१, म्हणजे छापलेल्या भागाभोवती सगळीकडून अर्धा सेंमी पांढरा कागद दिसतो. माउंटचं बाहेरचं माप २५ बाय ३२. आता हिशेब करा. डाव्या-उजव्या बाजूला ५-५ सेंमी पट्टी राहते. वर ५ आणि खाली ६. खाली जास्त का? दोन्हीकडे सारखी पट्टी ठेवली तर चित्र खाली घसरल्यासारखं वाटतं. एकदा दोन्ही करून पाहा, डोळ्यांनाच कळेल.

आम्हांला मिळालेला माउंट बोर्ड ५६ बाय ७१ सेंमीचा होता. एका बोर्डातून चार माउंट निघाले. मग ४८ चित्रांना बोर्ड किती लागले, ते तुम्हीच काढा. खिडक्या कापायचं काम मी आणि दोन पालकांनी केलं. धारदार कटर आणि लोखंडी पट्टी मुलांच्या हातात द्यायची नाही, हा आमचा नियम. आखणी मात्र सगळी मुलांची.

चित्र माउंटला चारी बाजूंनी चिकटवू नका हं. पावसाळ्यात हवा दमट होते, कागद फुगतो. चारी बाजू चिकटलेल्या असल्या तर त्याला पसरायला जागा मिळत नाही आणि सुरकुत्या पडतात. म्हणून कागदाच्या दोन लहान पट्ट्या घ्यायच्या, मैद्याची खळ लावायची आणि चित्र फक्त वरच्या कडेला अडकवायचं. सेलोटेप नको. काही वर्षांनी तो पिवळा पडतो आणि डाग सोडतो. शेवटी मागं बांधणीचा पुठ्ठा. माउंट जाड असल्यामुळे चित्र जरासं आत राहतं आणि पुढच्या पुठ्ठ्याची पाठ शाईला घासत नाही. त्यामुळे प्लास्टिकच्या पिशवीची गरजच पडली नाही.

छापलेल्या भागाखाली जो अर्धा सेंमी पांढरा कागद दिसतो, तिथं पेन्सिलनं लिहायची एक रीत आहे. डावीकडे प्रतीचा क्रमांक, उजवीकडे सही. तीन प्रतींतली पहिली असेल तर १/३, दुसरी २/३. हे मी फळ्यावर लिहिलं, तर मागच्या बाकावरून आवाज आला, ‘‘बाई, म्हणजे एक तृतीयांश म्हैस?’’ वर्ग हसून लोळला. म्हशीची मालकीणही हसली.

आता पेटी. आमची पहिली पेटी पार फसली, तेही सांगते, म्हणजे तुमची फसणार नाही.

दुकानातून एक पुठ्ठ्याचा खोका आणला. वरची झाकणं कापली. पुढची भिंत बुटकी ठेवली, फक्त १२ सेंमी. म्हटलं, चित्र जास्त दिसेल. आणि सगळी ४८ चित्रं एकाच खोक्यात उभी केली. एक मुलगा गिऱ्हाईक झाला. त्यानं पहिली चार-पाच चित्रं पुढं पाडली आणि धाडकन सगळी भिंतीवरून जमिनीवर! बाकीची इतकी घट्ट बसली होती, की पुढं पडेचनात.

असं का झालं? मी मुलांना पट्टी घ्यायला सांगितली. पट्टी बोटावर आडवी तोलून पाहा. बोट बरोबर मध्याखाली असलं तर ती राहते. बोट मध्याच्या अलीकडे-पलीकडे सरकलं की जड बाजू खाली जाते. आमचं चित्र ३२ सेंमी उंच, म्हणजे त्याचा मध्य १६ सेंमीवर. ते पुढं वाकतं तेव्हा पुढच्या भिंतीच्या कडेवर टेकतं. ही कड चित्राच्या मध्याच्या खाली लागली, तर वरचा भाग जड होतो आणि चित्र बाहेर उलटतं. मध्याच्या वर लागली, तर चित्र आतच राहतं. मग भिंत किती हवी? वर्गातून उत्तर आलं, ‘‘सोळापेक्षा जास्त!’’ आम्ही १८ सेंमी ठरवली.

पण मग चित्र झाकलं जाईल की! त्यावर उपाय मुलांनीच काढला. माउंटला खिडकी, तशीच पेटीच्या भिंतीलाही खिडकी. कड टेकायला वर राहते आणि मधून चित्र दिसतं.

दुसरी चूक गर्दीची. चित्र, माउंट आणि मागचा पुठ्ठा मिळून जाडी जवळजवळ ४ मिलिमीटर होते. ४८ चित्रांचे झाले १९ सेंमी. पेटीची खोली २४. उरले ५ सेंमी. एवढ्यात चित्र पडणार कुठं? म्हणून आम्ही दोन पेट्या केल्या. एकीत २४ चित्रं म्हणजे साधारण १० सेंमी जाडी, आणि १४ सेंमी मोकळी जागा. लक्षात ठेवा, पेटी अर्ध्याहून अधिक भरायची नाही.

आता कृती.

१. खोक्याची आतली रुंदी २७ सेंमी (चित्रापेक्षा २ सेंमी जास्त), खोली २४ सेंमी, मागची भिंत २६ सेंमी आणि पुढची १८. बाजूच्या भिंती मागून पुढं उतरत्या कापा.

२. खोक्याच्या पुठ्ठ्यात नळ्यांसारख्या रेघा असतात. भिंतीत त्या उभ्या यायला हव्यात. आडव्या आल्या तर वजनानं भिंत दुमडते. खात्री करायची असेल तर एकाच मापाचे दोन तुकडे कापा, एकाच्या रेघा उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या, आणि दोन्ही वरून दाबून पाहा.

३. पुढच्या भिंतीत १७ बाय १० सेंमीची खिडकी कापा. वर-खाली ४ आणि दोन्ही बाजूंना ५ सेंमी पुठ्ठा शिल्लक राहील. ही भिंत आणि तळ दुहेरी पुठ्ठ्याचे करा. आम्ही २४ चित्रं वाण्याच्या काट्यावर ठेवली, तर साडेतीन किलोच्या आसपास भरली. एवढं वजन एकेरी तळ पेलत नाही.

४. पेटीच्या पुढच्या कडेखाली ३ सेंमी जाडीची लाकडी पट्टी लावा. तळ मागं उतरता झाला, की चित्रांचे पाय आपोआप मागं सरकतात आणि चित्रं मागच्या भिंतीला रेलून बसतात. सरळ तळावर ती पुढं घसरतात.

५. सगळ्या पेटीला वर्तमानपत्राचे दोन थर खळीनं चिकटवा, वाळल्यावर ब्राउन पेपर लावा. पेटी साधीच ठेवा. आमच्या पोरांनी एका पेटीवर इतकी नक्षी काढली, की लोक पेटीच बघायला लागतील अशी भीती वाटली. मग पुन्हा ब्राउन पेपर!

दुसरी पेटी आम्ही लाकडाची केली. आमच्याकडे आंब्याच्या जुन्या लाकडी पेट्या असतात. एका मुलाचे वडील सुतार आहेत. ते म्हणाले, ‘‘बाई, हिच्या फळ्यांत फटी आयत्याच आहेत, खिडकी कापायची गरजच नाही.’’ त्यांनी पुढची वरची फळी काढून तिची कड बरोबर १८ सेंमीवर येईल अशी पुन्हा ठोकली. मुलांनी पॉलिश पेपरनं घासघास घासली. बोटात कुसळ जाता कामा नये आणि खिळ्याचं टोक आत राहता कामा नये. तुम्ही अशी पेटी घेतली तर आधी आतली रुंदी मोजा आणि मग माउंटचं माप ठरवा. उलटं केलंत तर फसाल.

माउंटच्या खिडक्यांचे कापलेले तुकडे टाकले नाहीत. पेटीतल्या जुन्या पुठ्ठ्याच्या पाट्यांवर नावं लिहायला ते कामाला आले. ‘प्राणी’, ‘झाडं’, ‘घरं’, ‘गंमत’. या पाट्या चित्रांपेक्षा दोन सेंमी उंच ठेवल्या, म्हणजे लांबूनही वाचता येतात.

आणि आता सर्वांत महत्त्वाचा नियम. पेटीतसुद्धा कुणीतरी पुढं असतं आणि कुणीतरी मागं. लोक पहिली सात-आठ चित्रं बघतात आणि कंटाळतात. म्हणून दर अर्ध्या तासानं एका मुलानं घंटा वाजवायची, आणि मागची सहा चित्रं पुढं आणायची. कुणाचं चित्र ‘चांगलं’ हे ठरवायचं काम बाईंचं नाही, मुलांचंही नाही. आपलं काम एवढंच, की प्रत्येक चित्राची पाळी यावी.

जानेवारीचा मेळावा आला. एक पेटी बाकावर ठेवली, मोठ्या माणसांसाठी. दुसरी खाली, लहानांच्या हाताला येईल अशी. शेजारी ओला रुमाल आणि पाटी : ‘हात पुसून चित्रं पाहा, न घेतली तरी चालेल.’ ही ओळ मुलांची. मला वाटलं होतं, त्यामुळे विक्री कमी होईल. पण लोक निवांत उभे राहिले, बोटांनी एकेक चित्र पुढं पाडत शेवटपर्यंत पोचले. काही पालकांनी मोबाइलवरून पैसे देऊ का विचारलं. आम्ही नाही म्हटलं. सुटे पैसे मोजणं हाही अभ्यासच ना!

एका चित्राला माउंट, पुठ्ठा, कागद आणि शाई मिळून २८ रुपये खर्च आला होता. किंमत ठेवली ५० रुपये. संध्याकाळपर्यंत ४८ पैकी ३७ चित्रं गेली. एकूण जमा १८५० रुपये, खर्च १३४४, शिल्लक ५०६. त्यातून वर्गाच्या वाचनपेटीत नवी पुस्तकं आली. सगळं श्रेय पेटीचं नाही, माउंटमुळेही चित्रं देखणी दिसली. पण आदल्या वर्षी फक्त वरची विकली गेली होती, यंदा मागची, मधली, सगळीकडची गेली.

आणि म्हैस? सांगते. सकाळी एका काकांनी ती बघितली, हसले आणि पुढच्या चित्राकडे वळले. मी हळूच तिच्याकडे बघितलं. ती पेटीमागं उभी होती. दुपारी एका आजींनी ती हातात घेतली, बराच वेळ बघितली आणि विचारलं, ‘‘ही कुणी केली गो? आमची म्हैस अशीच बघायची.’’ तिनं हात वर केला. आजींनी १/३ घेतली. २/३ एका सातवीच्या मुलानं घेतली. तिसरी उरली. मला वाटलं, तिला वाईट वाटेल. तर ती ती घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, ‘‘बाई, ही राहू दे वर्गात. आज सगळ्यांनी बघितली.’’

आता ती आमच्या वर्गाच्या दाराशेजारी लावली आहे. एका डोळ्यानं रोज माझ्याकडे बघते. बाई, कुणाला तळाशी ठेवलंत का आज, असं विचारते जणू.

मुलांनो, छापाच्या चित्राची गंमत हीच आहे. एकाच ठशातून ते अनेक घरांत जातं. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला. नंतर तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. मोठ्या महालांत दिसणारी त्यांची चित्रं तिथं दगडावरून छापली गेली आणि साध्या माणसांच्या भिंतींवर पोचली. तुमच्या आजीच्या देवघरात एखादं जुनं छापील चित्र असेल तर त्याच्या कडेला छापखान्याचं नाव शोधा. पण चित्र छापून पुरत नाही, ते माणसाच्या हाताशी यावं लागतं. म्हणून पेटी.

पालकांनो, तुम्हांला दोन शब्द. कटर तुम्ही चालवा, पण मापं मुलांना काढू द्या. चुकू द्या. आमची पेटी उलटली नसती तर ‘मध्य’ म्हणजे काय हे चौथीच्या वर्गाला इतकं पक्कं कळलं नसतं. आणि मेळाव्यात गेलात तर फक्त आपल्या मुलाचं चित्र शोधून घरी येऊ नका. पेटीच्या शेवटापर्यंत जा.

पेटी केलीत की मला पत्र लिहा. चित्राची उंची किती होती आणि पुढची भिंत किती ठेवली, हे नक्की कळवा. उलटली असेल तर तेही कळवा, लाजू नका.

तुमच्या,
बाई